हॉटेल मी निवडलं

"आये, तूच सांग. खंयच्या हॉटेलात जावया?"

सदानंदनं जेवणाच्या टेबलावर तीन रंगीत कागद माझ्यासमोर मांडले. गुळगुळीत, जाड कागद. एकावर किल्ल्याच्या तटावर लावलेली टेबलं होती. दुसऱ्यावर पाण्यात खांब रोवून केलेला लाकडी सज्जा. तिसऱ्यावर पांढरं शुभ्र मोठं जहाज आणि त्याच्या शेजारी दिव्यांनी उजळलेलं बैठं घर. खाली पुष्कळ काही छापलेलं होतं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. हे लिहायला लागले ते फार नंतर.

"कशाला एवढा खर्च?" मी म्हटलं.

"साठी एकदाच येते आईची," सदानंद म्हणाला. मालवणीत सुरुवात करायचा आणि सून समोर असली की मध्येच पुस्तकी बोलायला लागायचा. "तू म्हणशील तिथे. पण टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. ऐन वेळी मिळत नाही."

मी कागदांकडे बघत राहिले. तो हौसेनं काही करायला निघाला की मला भीती वाटायची. पहिल्या वेळी त्यानं मला काचेच्या तळाच्या होडीतून समुद्र दाखवला आणि घरी आल्यावर म्हणाला, "आये, तुझं परतीचं तिकीट जरा पुढे ढकललंय, पावसाळा जाऊ दे." दुसऱ्या वेळी मोत्यांची माळ आणली. त्याच रात्री म्हणाला, वादळांचा मोसम आहे, विमानांचा भरवसा नाही. आता तर साठीचं जेवण होतं. म्हणजे या वेळी मोठंच काहीतरी सांगायचं असणार.

कॅरिबियन समुद्रातलं ते बेट. नाव सांगत नाही, मुलगा अजून तिथेच आहे. जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत तो साहेब होता. सून वृषाली सांगलीकडची. तिची आई ती कॉलेजात असतानाच वारली होती. तिला दिवस गेले तेव्हा सदानंदचा फोन आला, "आये, हिचं करायला कोण नाही." मी गावाकडच्या, आचऱ्याच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी ठेवली आणि सहा महिन्यांसाठी म्हणून निघाले. रेवा झाली. सहाचे बारा झाले. रेवा चालायला लागली, बोलायला लागली, आणि मी तिथेच.

घर टेकडीवर होतं. फाटक विजेचं, आकडे दाबले की सरकायचं, आणि ते आकडे मला काही केल्या लक्षात राहायचे नाहीत. बाहेर रस्ता होता पण त्यावर माणूस चालत नसे, नुसत्या गाड्या. खिडक्या बंद, आत थंड हवेचं यंत्र दिवसभर घुमत असायचं. शेजारची बाई मी दोन वर्षांत पाठमोरीच पाहिली. खाली बंदर दिसायचं. रोज एखादं पांढरं जहाज यायचं, संध्याकाळी भोंगा वाजवून निघून जायचं. मी रेवाला कडेवर घेऊन त्याला हात हलवायची, नाही तर दुसरं करणार काय?

माझा पासपोर्ट सदानंदच्या ऑफिसातल्या तिजोरीत होता. विमानतळावरून घरी येतानाच त्यानं तो मागून घेतला. "हरवशील, आये. इथे नवीन करायचा म्हणजे ताप." एकदा मी म्हटलं, मला नुसता बघायचाय. तो हसला. "बघून काय करशील? फोटो चांगला नाही आलाय तुझा."

आणि तिकडे हेमा होती. हेमा माझी धाकटी, देवगडला दिलेली. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस राहिले होते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात मुलीला आणायची, तिची ओटी भरायची, आणि मूल दीड-दोन महिन्यांचं झालं की बाळंतविडा देऊन सासरी पोचवायची. हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते असतंच. सातवा लागला तेव्हा हेमाचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आये, मी खंयच्या दारात येव गो? घराक कुलूप आसा."

"येतंय मी," मी म्हटलं. "आता येतंयच."

सदानंद समोर बसून पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही.

आणि आता समोर हे तीन कागद होते.

"मला तो किल्ला आवडला असता," वृषाली म्हणाली. ती रेवाला भरवत होती. "वारा छान असतो तिथे."

"सज्जा बेस्ट," सदानंद म्हणाला. "आमचे डायरेक्टर तिथेच जातात. पायाखाली मासे फिरताना दिसतात, आये."

मी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "ह्या."

"हे?" त्याचा चेहरा उतरला. "हे बंदराच्या आत आहे गं. गाडी बाहेर ठेवा, चालत जा, फाटकावर थांबा. कटकट. चांगलं आहे, नाही असं नाही. पण हेच कशाला?"

"द्रौपदी सांगत होती. मासे एकदम ताजे असतात म्हणे."

द्रौपदी आमच्याकडे फरशी पुसायला यायची. सुरीनामची. तिचे पणजोबा-खापरपणजोबा कधीकाळी बिहारकडून उसाच्या मळ्यात नेलेले. तिची हिंदी मला अर्धी समजायची, माझी तिला अर्धी, पण दोन वर्षांत मी पोटभर बोलले असेन ती तिच्याशीच. तिचा नवरा त्या हॉटेलात भांडी घासायला होता. "माई, हुआँ के मछरी एकदम ताजा," असं ती म्हणाली होती हे खरंच. पण त्या हॉटेलाबद्दल तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एकच मी घरी बोलले.

"बरं, आईसाहेबांची मर्जी," सदानंद म्हणाला. "वृषा, फोन करशील? मला मीटिंग आहे."

तो गेल्यावर वृषालीनं फोन लावला. मी रेवाचं तोंड पुसत होते, पण कान तिकडेच. भाषा कळत नव्हती म्हणून मी तिचा चेहरा बघत होते. आधी हसून बोलली. मग काहीतरी ऐकत राहिली. मध्येच तिनं माझ्याकडे पाहिलं, फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि पुन्हा तेच विचारलं असावं, कारण पलीकडच्यानं तेवढाच वेळ उत्तर दिलं.

फोन ठेवून ती म्हणाली, "शनिवारी साडेसात. पाण्याच्या कडेचं टेबल. रेवाला उंच खुर्ची देतील."

"आणि?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आणि काय?"

"काही नाही."

ती भांडी उचलायला लागली. मला वाटलं, द्रौपदीनं चुकीचं सांगितलं. किंवा नियम बदलला असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. सज्जा म्हटलं असतं तर निदान पायाखालचे मासे तरी बघितले असते.

शुक्रवारी रात्री जेवताना वृषाली सदानंदला सहज म्हणाली, "अरे, उद्या संध्याकाळी ऑफिसातून येताना पासपोर्ट आणायला विसरू नकोस. चौघांचे."

द्रौपदीनं सांगितलेली दुसरी गोष्ट हीच.

"पासपोर्ट? जेवायला?"

"बंदराच्या हद्दीत आहे ना ते. परदेशी माणसाला फाटकावर दाखवावा लागतो. जहाजावरचे लोक फिरत असतात तिथे, म्हणून."

"कॉपी आहे की घरात."

"मूळच लागतात. मी दोनदा विचारलं."

सदानंद माझ्याकडे वळला. "बघ आये, म्हटलं नव्हतं कटकट आहे? अजून सांग, तो सज्जावाला माझ्या ओळखीचा आहे. एक फोन केला की झालं."

मी भातावर सार ओतून घेतलं. "माझी साठी," मी म्हटलं, "आणि हॉटेल तुझ्या डायरेक्टरचं?"

वृषाली फसकन हसली. सदानंदही हसला. "चला! आमची आये आता भांडायला शिकली. आणतो."

शनिवारी दुपारी रेवाला निजवून मी शिवायला बसले. परकराला आतून खिसा लावत होते. आमच्याकडे बायका लांबच्या प्रवासाला निघाल्या की असा खिसा शिवतात, वर तोंडाला बटण. वृषाली पाणी प्यायला आली आणि मागे उभी राहिली.

"हे काय करताय, आई?"

"खिसा. रुमाल ठेवायला."

ती वाकून बघत राहिली. "मोठा रुमाल दिसतोय," ती म्हणाली आणि ग्लास विसळून निघून गेली.

आता ही नवऱ्याला सांगणार. तिची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू व्हायची होती. मी गेले तर रेवाला सांभाळणार कोण? मला अडकवण्यात सगळ्यात जास्त फायदा तिचा, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. सदानंद माझा मुलगा, तो मुळात वाईट नाही, बायकोसाठी करतो, असं. खिसा उसवून टाकावा असंही मनात आलं. पण बटण लावून टाकलं.

गाडी बंदराबाहेर ठेवून आम्ही चालत निघालो. सदानंदनं कोट घातला होता, वृषालीनं निळी रेशमी साडी, मी हेमाच्या लग्नातली. समोर जहाज उभं होतं. घरून दिसायचं ते खेळण्याएवढं. इथे मान मागे टाकली तरी टोक दिसेना.

फाटकावर एकेक माणूस जाईल असा फिरता दांडा होता आणि पलीकडे गोरागोमटा पहारेकरी. आमच्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. त्या बाईनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला, पहारेकऱ्यानं बघितला, दांडा फिरला, ती आत. नवऱ्यानंही तसाच कागद दाखवला.

सदानंदनं कोटाच्या आतल्या खिशातून चारही पासपोर्ट काढून पुढे केले. पहारेकरी हसून काहीतरी म्हणाला. सदानंदनं विचारलं, तो पुन्हा म्हणाला. 'कॉपी' एवढा शब्द मला कळला.

"वृषा, कॉपी चालते म्हणतोय हा. इथे राहणाऱ्यांना."

"हो का?" वृषाली खाली वाकून रेवाच्या बुटाचा पट्टा बांधत होती. "फोनवरची मुलगी काही वेगळंच म्हणाली बाई."

"दोनदा विचारलंस ना?"

"विचारलं की."

मागे लोक थांबले होते. पहारेकऱ्यानं बोटानं खुणावलं, एकेक, आपापला हातात. सदानंदनं वृषालीला तिचा आणि रेवाचा दिला, माझा माझ्या हातात. दोन वर्षांनी. निळं पुठ्ठ्याचं पुस्तक, आत माझा फोटो. खरंच चांगला आला नव्हता, घाबरलेला. पहारेकऱ्यानं तोंडाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "वेलकम." हे मला कळलं.

दांड्यापलीकडे गेल्यावर दोन पावलं बाजूला एक खांब होता. मी खांबाकडे तोंड केलं, निऱ्या जराशा वर घेतल्या, पुस्तक खिशात सरकवलं आणि बटण लावलं. सदानंद रेवाला उचलून घेत होता.

टेबल अगदी पाण्याला लागून होतं. पांढरा कपडा, काचेत मेणबत्ती, चार-चार काटे-चमचे. वाढप्यानं माझी खुर्ची मागे ओढली. मी बसू लागले तशी पुढे सरकवली. कुणीतरी अशी खुर्ची धरायची ही माझी पहिलीच वेळ, पण मला बसल्या जागी पाठीला भिंत लागल्यासारखं वाटत होतं. एका बाजूला पाणी, समोर मुलगा.

अख्खा तळलेला मासा आला. "तांबोशी," मी म्हटलं. तिकडेही तांबोशीच, नुसती वर लिंबाची चकती. सदानंदनं आपल्या हातानं काटे काढून मला वाढलं. लहानपणी मी त्याला काढून द्यायची. खाल्लं, पण चव कळली नाही. तो कधी बोलतो याची मी वाट बघत होते.

"आये," शेवटी तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. तुझ्या राहण्याचा परवाना वाढवून घेतलाय. आणखी एक वर्ष. वृषाची नोकरी लागतेय, रेवा लहान आहे. तू आहेस म्हणून आमचं घर चाललंय."

"हेमा?"

"हेमाला सासर चांगलं आहे. देवगडला दवाखाना आहे. मी पैसे पाठवतो, महिनाभर बाई ठेवा म्हणावं. आणि हे पहिलं बाळंतपण माहेरी वगैरे, कुठल्या काळातलं आहे गं?"

"तुझ्या बायकोचं केलं ते कुठल्या काळातलं?"

वृषाली रेवाला बटाटा कुस्करून देत होती. तिचा चमचा थांबला आणि परत चालू झाला.

"तुका हयसर काय कमी आसा, आये?" आता तो मालवणीवर आला. आवाज मऊ होता. तो मऊ झाला की मी विरघळायची, हे त्याला माहीत होतं. "सांग. काय कमी आसा?"

"काय कमी नाय. पण माका जावचा आसा."

"बघू. पुढच्या वर्षी नक्की." त्यानं हात पुढे केला. "पासपोर्ट दे, खिशात ठेवतो. विसरशील कुठेतरी."

"नाय."

"काय नाय?"

"माझ्याकडेच रवांदे."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आये, इथे तमाशा नको."

"मी खंय ओरडतंय? तूच बघ, कोण तरी बघता काय आमच्याकडे?"

"घेऊन करणार काय तू? फाटकाचे आकडे तुझ्या लक्षात राहत नाहीत. विमानतळ कुठल्या दिशेला आहे ते तरी ठाऊक आहे?"

"नाही ठाऊक," मी म्हटलं. "पण तुझी गोदी ठाऊक आहे. द्रौपदी सकाळी फाटक उघडून येते, त्याच फाटकातून मी जाईन. गोदीच्या दारात बसेन डोक्यावर पदर घेऊन. तुझा डायरेक्टर येईल, त्याला हे पुस्तक उघडून दाखवीन. मला बोलता येणार नाही, पण फोटो माझा आहे. पुढचं तू त्याला समजावून सांग."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. बोलत गेले तसं सुचत गेलं, आणि बोलून झाल्यावर मला कळलं की मी ते करीन.

सदानंद हसायला गेला, पण हसू आलं नाही. तो बायकोकडे वळला. "तू तरी समजाव हिला. तुझ्याच नोकरीसाठी चाललंय हे सगळं. आणि तुमचे दोघींचे दे इकडे, म्हणजे एकदम ठेवतो."

वृषालीनं रेवाचं तोंड पुसलं. रुमालाची नीट घडी घातली. तिची पर्स मांडीवर होती, तिच्यावर तिनं हात ठेवला.

"आमचे राहू देत माझ्याकडे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा माझ्याकडे. रेवाचा पण. तिजोरीत नको."

"वृषा, मी काय तुम्हाला कोंडून ठेवलंय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. पाण्यावर दिव्यांच्या रेघा हलत होत्या, तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नोकरी मी दोन महिने पुढे ढकलून घेतली आहे. गुरुवारीच. तुला सांगायचं राहिलं."

गुरुवारी म्हणजे हॉटेलात फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तिच्याकडे बघत राहिले. दोन वर्षं मी तिच्या हातचं खाल्लं होतं, तिला न्हाऊमाखू घातलं होतं, तिच्या ओटीपोटावर पट्टा बांधला होता, आणि या मुलीचा पासपोर्टही त्याच तिजोरीत आहे हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

सदानंदचा हात अजून टेबलावर तसाच, पालथा नव्हे, उघडा. तो मागे घ्यायचंही त्याच्या लक्षात नव्हतं. मागून वाढपी आला. त्याला वाटलं साहेब काहीतरी मागतायत. त्यानं अदबीनं वाकून गोड पदार्थांचं कार्ड त्या हातात ठेवलं.

सदानंद ते कार्ड वाचत बसला. फार वेळ वाचत होता. पुढच्या बाजूला चारच ओळी असाव्यात.

"आये," तो कार्डातूनच म्हणाला, "हेमाक कितवो लागलो?"

इतक्या महिन्यांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"आठवो," मी म्हटलं. "सरत इलो."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी मार खाल्ला की व्हायचे तसे. त्यानं कार्ड मिटलं आणि खुर्ची मागे सरकवली. "मगे गोड रवांदे. घराक चला. तिकिटाचा बघूक व्हया."

मी उठायला लागले. मांडीला पुस्तकाचा कोपरा टोचत होता.

"बसा हो आई," वृषाली म्हणाली. "सदा, तूही बस. हे टेबल मी मिळवलंय. मला पुडिंग खायचंय."

तिनं वाढप्याला हाक मारली आणि आमच्या तिघांसाठी तीन मागवली.